लाळेतला ‘हृदयाचा सिग्नल’ दर बॅचला बदलतोय? मशीनच्या आधी बर्फाचा डबा तपासा

तक्रार अशी. हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदय पुरेसं रक्त पंप करू शकत नाही अशा रुग्णांची लाळ आणि हृदय ठणठणीत असलेल्यांची लाळ घेतली, दोन्हींतले लहान रेणू मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे वस्तुमानावरून रेणू ओळखणाऱ्या मशीनवर मोजले. पहिल्या बॅचला आलेखावर ठिपक्यांचे (एक ठिपका म्हणजे एक माणूस) दोन पुंजके असे काही वेगळे पडले, की सरांनी फोटो काढून ग्रुपवर टाकला. दुसऱ्या बॅचला त्याच पद्धतीने, त्याच मशीनवर, सगळी खिचडी. तिसऱ्या बॅचला पुंजके पुन्हा वेगळे, पण फरक दाखवणाऱ्या रेणूंची यादीच दुसरी. पहिल्या वेळी जे रेणू रुग्णांत जास्त होते, त्यातले काही आता निरोगी लोकांत जास्त.

तुमच्याकडे असं होत असेल तर पुढचं वाचा. मी नाशिकला सॅम्पल गोळा करणाऱ्या बाजूला आहे, मशीन पुण्यात आहे. बरेच महिने आम्ही एकमेकांकडे बोट दाखवण्यात घालवले. मशीन चालवणारा दादा म्हणायचा सॅम्पल खराब, आम्ही म्हणायचो कॉलम खराब, म्हणजे मशीनमधली रेणू वेगळे करणारी नळी. कॉलम बदलून झाला, सॉल्व्हंट बदलून झालं, सॉफ्टवेअर नवं आलं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. आमच्याकडे सोमेश्वर गंगापूर रोडलाच आहे, त्यामुळे ही म्हण आम्हाला जरा जास्तच लागली.

मुळात लाळ कशाला, हे थोडक्यात. सुई नाही, घरच्या घरी देता येते, पुन्हा पुन्हा घेता येते. निरोगी हृदय आपली बहुतेक ऊर्जा चरबीतल्या फॅटी आम्लांतून काढतं. ते कमजोर होत गेलं की इंधनाचं गणित बिघडतं: फॅटी आम्लांचा वापर घटतो, चरबीतून बनणाऱ्या (उपाशीपोटी जास्तच बनणाऱ्या) कीटोनवर भिस्त वाढते, ल्युसिन-व्हॅलिनसारख्या शाखायुक्त अमिनो आम्लांचं विघटन मंदावतं. हार्ट फेल्युअरमध्ये श्वासातला अ‍ॅसिटोन (हाही एक कीटोनच) वाढतो हे १९९० च्या दशकापासून माहीत आहे. रक्तातले असे लहान रेणू लाळग्रंथींतून थोडेफार पाझरतात, तेव्हा लाळेत त्यांचा ठसा सापडावा, ही आशा. आशा चुकीची नाही. फक्त लाळेच्या एका मिलीलिटरात दहा कोटींच्या घरात जिवाणू असतात, आणि तेही जेवतात, हे आम्ही विसरलो.

एक सांगून ठेवते, कारण ओपीडीत दर आठवड्याला कोणीतरी विचारतं. या तपासणीवरून आज कोणाचंही निदान होत नाही. निदान इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि हृदयावर ताण आला की रक्तात वाढणाऱ्या एनटी-प्रोबीएनपीवर होतं. पाय सुजले असतील, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं असेल, रात्री उशी उंच केल्याशिवाय झोप येत नसेल, तर लाळ नको, डॉक्टर गाठा.

आधी यादी वाचा

मशीनला हात लावण्याआधी, फरक दाखवणारे वरचे वीस रेणू कागदावर लिहा. त्यात अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट, सक्सिनेट, प्युट्रेसिन, कॅडाव्हरिन, ट्रायमिथाइलअमाइन अशी मंडळी वर बसली असतील, तर तुम्ही हृदय मोजत नाही आहात. तोंडातल्या आणि ट्यूबमधल्या जिवाणूंचा कारखाना मोजताय. ५-अमिनोव्हॅलरेट दिसलं तर विशेष सावध व्हा. लाळेत प्रोलिनने भरलेली प्रथिनं भरपूर असतात. जिवाणू ती फोडतात, प्रोलिन मोकळं होतं आणि त्यातून हा रेणू तयार होतो.

इथे एक फसवा कोपरा आहे. फिनाइलअ‍ॅलनिन रक्तात हार्ट फेल्युअरमध्ये वाढलेलं आढळतं, म्हणून लाळेत वाढलेलं दिसलं की आपण टाळ्या वाजवतो. पण प्रथिनं फुटली की फिनाइलअ‍ॅलनिनही सुटतं. ते एकटं वाढलंय, की प्रोलिन, ग्लायसिन आणि ५-अमिनोव्हॅलरेटच्या सोबत वाढलंय, ते बघा. सोबत असेल तर संशय ट्यूबवर घ्या. आमच्या पहिल्या बॅचला ते सगळे हातात हात घालून आले होते. तो आलेखाचा फोटो ग्रुपवर अजून आहे, कोणी काढायला सांगत नाही.

मग हवामान बघा

आमचं कोडं सुटलं ते एका फालतू गोष्टीवरून. नोंदवहीतल्या तारखा लावत बसले होते. पहिली बॅच ऑक्टोबरच्या उकाड्यातली. दुसरी, जिच्यात काहीच फरक दिसला नाही, ती डिसेंबर-जानेवारीतली, म्हणजे निफाडचं तापमान पेपरात पहिल्या पानावर येतं ते दिवस. तिसरी मार्चमधली. पुंजके उकाड्यात वेगळे व्हायचे आणि थंडीत एक व्हायचे. हृदयाला ऋतू असतील, नाही असं नाही, पण इतके नसतात.

मग जिथे सॅम्पल घेतो तिथे जाऊन उभी राहिले. निरोगी लोक म्हणजे बहुतेक आमचेच कर्मचारी आणि त्यांचे नातेवाईक. ते वरच्या मजल्यावर लॅबमध्ये यायचे, ट्यूबमध्ये लाळ द्यायचे, ट्यूब दोन मिनिटांत बर्फात. रुग्ण खालच्या ओपीडीत. तिथल्या ट्यूब ट्रेमध्ये उभ्या राहायच्या. ट्रे भरला की ओपीडीतले मदतनीस मामा वर आणायचे, आणि मामांच्या मागे केसपेपर, एक्स-रे, व्हीलचेअर अशी शंभर कामं. कधी अर्धा तास, कधी दोन तास. खिडकी पश्चिमेची. नोंदवहीत ‘सॅम्पल दिल्याची वेळ’ हा रकाना होता, ‘बर्फात ठेवल्याची वेळ’ हा नव्हता. दोष मामांचा नाही. वहीत रकाना नसेल तर ती गोष्ट घडतच नाही, असं आपण धरून चालतो.

खात्री करायला अर्धा दिवस पुरतो, आणि हे प्रत्येकाने आपल्या जागेवर एकदा करावंच. स्वतःची तीन-चार मिली लाळ घ्या, नीट हलवून अर्ध्या-अर्ध्या मिलीच्या पाच ट्यूब करा. पहिली लगेच बर्फात घाला. बाकीच्या ओपीडीच्या त्याच टेबलावर ठेवा आणि अर्धा तास, एक तास, दोन तास, चार तासांनी एकेक उचला. सगळ्यांवर पुढची प्रक्रिया सारखी करा आणि एकाच दिवशी मशीनवर चालवा. माणूस एक, हृदय एक, तोंड एक. तरीही अ‍ॅसिटेट पायऱ्या चढत जाताना दिसलं, तर उत्तर मिळालं. मास स्पेक्ट्रोमीटर नसेल आणि एनएमआर (चुंबकाच्या मदतीने रेणू ओळखणारं मशीन) मिळत असेल, तर आणखी सोपं: त्याच्या आलेखावर १.९२ पीपीएमजवळची अ‍ॅसिटेटची उभी रेघ नुसत्या डोळ्यांनी वाढताना दिसते. मी माझ्या पाच ट्यूब नुसते नंबर लिहून पुण्याला पाठवल्या, वेळ लिहिली नाही. दादाचा फोन आला, “ताई, हा पाच नंबरचा पेशंट फार सिरियस दिसतोय.” पाच नंबर म्हणजे चार तास टेबलावर राहिलेली मी.

उपाय साधा आहे, अंगवळणी पडायला वेळ लागतो. थर्माकोलचा डबा ओपीडीच्या टेबलावरच ठेवा, त्यात बर्फाचा चुरा घाला, ट्यूब आधीपासून त्यात खोचलेली असू द्या. रुग्णाने लाळ दिली की ट्यूब परत त्याच भोकात. तासाभराच्या आत थंड सेंट्रिफ्यूजमध्ये ४ अंशांवर फिरवा. पेशी आणि जिवाणू बुडाशी बसतात, वरचं स्वच्छ पाणी काढून छोट्या ट्यूबांत वाटा आणि −८० अंशांवर ठेवा. छोट्या ट्यूब करायच्या त्या एवढ्यासाठी, की एकदा वितळवलेलं सॅम्पल परत गोठवायची वेळ येऊ नये. गोठून वितळली की लाळेला चिकट करणारं म्युसिन धाग्यासारखं गोळा होतं, पिपेटच्या टोकाला लटकतं आणि दर वेळी वेगळा आकार उचलला जातो.

काही जण जिवाणू थांबवायला सोडियम अ‍ॅझाइड घालतात. काम होतं, पण ते विष आहे. ज्या ट्यूबला रुग्ण ओठ लावणार, तिच्यात ते आधीपासून घालून ठेवायचा विचारही नको. आणि बेसिनमध्ये ओतू नका, धातूच्या नळीत त्याचे स्फोटक क्षार बनतात. मला विचाराल तर बर्फ बरा.

लाळ म्हणजे काय, हे आधी ठरवा

माझा सगळ्यात आवडता बिघाड. सुरुवातीला आम्ही रुग्णांना सांगायचो, “थुंकीचा नमुना द्यायचाय.” आता सुरगाणा-पेठपासून सिन्नरपर्यंत कोणालाही विचारा, थुंकी तपासणी म्हणजे टीबी. माणूस इमानदारीने खोल श्वास घेणार, खाकरणार आणि छातीतला बेडका ट्यूबमध्ये टाकणार. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला खोकला असतोच, त्यामुळे मालही भरपूर. निरोगी कर्मचारी मात्र नुसती लाळ देत होते. एका बाजूला फुप्फुस, दुसऱ्या बाजूला तोंड, आणि आम्ही फरकाला हृदय म्हणत होतो.

मग शब्द बदलून ‘लाळ’ केला. त्यावर आज्या हसायला लागल्या. कळवणच्या एक आजी म्हणाल्या, “अगं बाई, मी काय तान्हं बाळ आहे का, लाळ गाळायला? लाळेरं पण दे मग.” सुनेने तोंडाला पदर लावला. डॉक्टरांसमोर थुंकायचं म्हणून आजीचं तोंड आणखी कोरडं. तेव्हापासून एक वाक्य ठरलंय: “आजी, खोकायचं नाही, खाकरायचं नाही. तोंडात आपोआप जमेल ते ओठावरून या नळीत सोडायचं, मी तिकडे बघत नाही.” आणि खरंच तिकडे बघत नाही. खाकरलेलं सॅम्पल ओळखता येतं, फेस आणि गाठी असतात. ते बाजूला ठेवा, दुसरं मागा.

वाकण्याचा प्रश्नही आहे. पुस्तकात लिहिलंय, मान खाली घालून पाच मिनिटं लाळ गळू द्या. हार्ट फेल्युअरच्या अनेक रुग्णांना पुढे वाकलं की अर्ध्या मिनिटात दम लागतो. बुटाची नाडी बांधताना त्रास होतो तो हाच, त्याला वैद्यकात वेगळं नावही आहे. दम लागला की माणूस तोंडाने श्वास घेतो आणि तोंड वाळतं. मग तो कशीबशी घाईत दोन थेंब देतो, किंवा जोर लावून थुंकतो. मांडीवर उशी, उशीवर हात, ट्यूब हनुवटीच्या उंचीला, पाठ सरळ. एवढ्याने फरक पडतो. पाच मिनिटं जमत नसतील तर तीन घ्या, पण किती मिनिटं घेतली ते लिहा.

कोरडं तोंड

पाणी काढायच्या गोळ्या, म्हणजे फ्युरोसेमाइड वगैरे, वर दिवसाला दीड-दोन लिटरचं बंधन. रुग्णाची लाळ कमी आणि घट्ट असणारच. विश्रांतीत साधारण ०.३ मिली दर मिनिटाला येते. ०.१ च्या खाली गेली की कोरडं तोंड म्हणतात. घट्ट लाळेत सगळंच जास्त मोजलं जातं. म्हणजे यादीतले सगळे रेणू एकाच दिशेला वाढलेले दिसले, तर तो रोग नसून पाणी कमी असण्याची शक्यता आधी तपासा.

रिकामी ट्यूब वजन करून ठेवा, भरल्यावर पुन्हा वजन करा. एक ग्रॅम म्हणजे जवळपास एक मिली. भागिले मिनिटं, झाला वेग. ही नोंद फुकट मिळते आणि तरीही बहुतेक ठिकाणी नसते. पुढे हिशेब सारखा करताना एकूण प्रथिनं, ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या कणांचं एकूण प्रमाण) किंवा गणिती पद्धतीने काढलेला विरलतेचा गुणक वापरता येतो. लघवीच्या तपासणीत भागतात तसं क्रिएटिनिनने, म्हणजे मूत्रपिंड बाहेर टाकतं त्या रेणूने भागू नका. हार्ट फेल्युअरमध्ये मूत्रपिंडही दमलेलं असतं, क्रिएटिनिन स्वतःच हललेलं असतं. ज्या फुटपट्टीने मोजायचं तीच ताणलेली.

यावरून युरियाचं सांगते. लाळेतला युरिया रक्तातल्या युरियाच्या मागे मागे जातो. रुग्णांत तो जास्त दिसला तर आनंद करण्याआधी केसपेपरवरचं क्रिएटिनिन बघा. तो संदेश बहुधा किडनीचा आहे. त्यातून तोंडातले काही जिवाणू युरियापासून अमोनिया बनवतात, म्हणजे टेबलावर राहिलेल्या ट्यूबमध्ये तो घटतही जाणार.

तिसऱ्या बॅचचं भूत

मार्चच्या बॅचला बर्फाची शिस्त अर्धवट लागली होती, तरी यादी वेगळी आली. अ‍ॅसिटोन आणि बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट, म्हणजे कीटोन, हलले होते. अपेक्षा अशी की रुग्णांत वाढतील. वाढले निरोगी लोकांत, तेही सगळ्यांत नाही, सात-आठ जणांत. तारीख पाहिली तर महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. आमच्यातले निम्मे त्र्यंबकेश्वरला जाऊन आलेले, पारणं सोडण्याआधी लॅबमध्ये हजर. “उपाशीपोटी या” असं आम्हीच सांगितलेलं. रुग्णांना मात्र डॉक्टरांनी उपास करू नका म्हणून बजावलं होतं.

वहीत ‘उपवास: हो/नाही’ असा रकाना असूनही हे कळलं नाही, कारण आपला उपवास म्हणजे एकादशी अन् दुप्पट खाशी. साबुदाण्याची खिचडी, रताळं, बटाट्याचे वेफर्स खाल्लेल्याला कीटोन कुठून येणार? आणि कडक उपास धरणाऱ्याला येणारच. दोघंही ‘हो’वर टिक करतात. आता रकाना असा आहे: शेवटचं काय खाल्लं, किती वाजता. पेठहून पहिल्या एसटीने येणारा माणूस पहाटे साडेचारला भाकरी खाऊन निघालेला असतो, गंगापूर रोडचा काका नऊला पोहे खाऊन येतो. दोघांची लाळ अकरा वाजता घेतली तरी ती एकाच वेळची नव्हे.

कीटोनच्या बाबतीत औषधांची यादी तर डोळ्यांत तेल घालून बघा. डॅपाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं आता हार्ट फेल्युअरमध्ये सर्रास दिली जातात आणि ती स्वतःच कीटोन वाढवतात. रुग्णांत कीटोन वाढलेले दिसले तर ती हृदयाची हाक आहे की गोळीची, हे ती गोळी घेणारे आणि न घेणारे रुग्ण वेगळे केल्याशिवाय सांगता येत नाही. मेटफॉर्मिनसारखी औषधं तर स्वतःच लाळेत उतरतात. सॉफ्टवेअरने ‘रुग्ण ओळखणारा सर्वोत्तम रेणू’ म्हणून वर काढलेली गोष्ट रुग्णाच्या डब्यातली गोळी निघू शकते.

मार्चचंच दुसरं भूत गोड होतं. मशीनच्या ऋण मोडमध्ये (ऋणभारित कण मोजताना) १४९.००९ या वस्तुमानावर एक मोठा पीक, म्हणजे आलेखातलं टोक, काही जणांत प्रचंड, बाकीच्यांत शून्य. दादा फोनवर विचारतो, “हा पीक कुठला?” मी म्हटलं, “आमच्याकडे सध्या एकच पीक आहे, द्राक्षं.” गंमत म्हणून बोलले आणि तेच निघालं. टार्टरिक आम्ल. द्राक्षात ते भरपूर असतं आणि दुसऱ्या फार थोड्या फळांत असतं. त्या आठवड्यात पिंपळगावहून आलेल्या एका काकांनी ओपीडीत पेटीच फोडली होती, रांगेतल्या सगळ्यांनी मूठ-मूठ खाल्ली. चिंचेतही हे आम्ल असतं, तेव्हा आमटीवरही संशय घ्या.

तोंडात आधीपासून काय आहे

मशेरी. हे उघड बोललं पाहिजे. गावाकडच्या बायकांमध्ये दात घासायला जळलेल्या तंबाखूची पूड अजूनही चालते, आणि प्रश्नावलीत ‘तंबाखू खाता का?’ विचारलं की उत्तर ‘नाही’ येतं. खोटं नसतं ते. मशेरी ही खायची वस्तू नाही, लावायची आहे. म्हणून वेगळं विचारा: “मावशी, सकाळी दाताला काय लावता?” सुपारीतलं अरेकोलिन लाळ सुटायला लावतं, चुना लाळ अल्कधर्मी करतो, बडीशेपही लाळ वाढवते. टूथपेस्टमधून सॉर्बिटॉल, ग्लिसरॉल आणि पॉलिइथिलीन ग्लायकॉल येतं. शेवटचं ओळखायला सोपं, मास स्पेक्ट्रममध्ये ४४ च्या अंतराने दात असलेली फणी दिसते. माउथवॉशमध्ये बऱ्याचदा अल्कोहोल असतं.

हिरड्यांतलं रक्त मात्र सगळ्यात घातक. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन अशी रक्त पातळ करणारी औषधं चालू असलेल्यांच्या हिरड्या लगेच भळभळतात. लाळेत रक्ताचा अंश आला की रक्तातले रेणू थेट मिसळले, आणि निरोगी गटात ही औषधं नाहीत. मग फरक छान दिसतो, खोटा दिसतो. गुलाबी झाक आली तर सॅम्पल नको. डोळ्यांना न दिसणारं रक्त पकडायला लघवीच्या तपासणीची रक्तपट्टी वापरून बघता येते, निदान ढोबळ अंदाज येतो. सॅम्पलच्या आधी तासभर दात घासायचे नाहीत, हा नियम यासाठीच.

आमचा क्रम आता असा आहे: सकाळी नऊ ते अकरामध्येच सॅम्पल, तासभर आधी खाणं-पिणं-घासणं नाही, कवळी असेल तर काढून ठेवायची, साध्या पाण्याने चूळ भरायची आणि टाकायची. गिळायची नाही, पाण्याचा हिशेब ठेवणारे रुग्ण आहेत. मग दहा मिनिटं गप्प बसायचं, नाहीतर चुळीचंच पाणी ट्यूबमध्ये येतं. ही दहा मिनिटं गप्पिष्ट माणसाला जड जातात.

‘निरोगी’ कोण

पंचविशीतले विद्यार्थी आणि पासष्टीतले रुग्ण यांची तुलना म्हणजे दातांची तुलना. आम्ही तिथून सुधारून वय जुळवलं. मग कोणीतरी सुचवलं, रुग्णासोबत आलेला जोडीदार घ्या: घर एक, चूल एक, पाणी एक. कल्पना फक्कड. महिनाभराने लक्षात आलं की आमचे रुग्ण बहुतेक पुरुष, म्हणजे निरोगी गट झाला बायकांचा. आता अर्धे जोडीदार, अर्धे त्याच इमारतीतल्या गुडघेदुखीच्या ओपीडीतले. तिथे बीपीच्या, शुगरच्या गोळ्या खाणारेही मिळतात, फक्त इको चांगला असलेले निवडायचे. आणि सगळ्यांची लाळ एकाच टेबलावर घ्यायची. वरच्या मजल्यावर आता कोणाचीच घेत नाही.

पुण्याचा रस्ता आणि पुढचं

फ्रीझरमध्ये गोठवलेल्या पाण्याच्या वाटीवर नाणं ठेवायची युक्ती अनेकांना माहीत असते: नाणं बुडालेलं दिसलं तर मधे बर्फ वितळला होता. पण ती युक्ती शून्याच्या वर गेल्यावरच बोलते. −८० चा फ्रीझर लाइट गेल्यावर −३० वर येऊन परत गेला तर नाणं जागचं हलत नाही. तिथे तापमान नोंदवणारा लॉगरच हवा. पुण्याला सॅम्पल ड्राय आइसमध्ये, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये जातात; तो −७८.५ अंशांवर थेट वायू होतो, म्हणून डब्याचं झाकण हवाबंद करू नका आणि गाडीची काच थोडी उघडी ठेवा. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करत जवळपास २१० किलोमीटर आहे आणि चहाचे थांबे मोहात पाडतात. डबा ड्राय आइसने पूर्ण भरून न्या.

मशीनकडच्या गोष्टी दादाच्या शब्दांत, कारण त्या बाबतीत तो बरोबर होता. सगळ्या सॅम्पलमधला थोडा थोडा भाग एकत्र करून एक मिश्रण बनवायचं आणि दर आठ-दहा सॅम्पलनंतर तेच पुन्हा चालवायचं. त्या मिश्रणात एखादा रेणू ३० टक्क्यांहून जास्त डोलत असेल तर तो यादीतून बाद. रिकाम्या ट्यूबमध्ये नुसतं पाणी घालून तेही चालवायचं, प्लास्टिकमधून काय सुटतं ते कळतं. धन मोडमध्ये ३९१.२८४ वर काही दिसलं तर ते बहुधा प्लास्टिक मऊ करणारं थॅलेट आहे. रुग्ण आणि निरोगी यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा. एका दिवशी सगळे रुग्ण, दुसऱ्या दिवशी सगळे निरोगी असं केलंत, तर नंतर कुठलंही सॉफ्टवेअर ते सोडवू शकत नाही.

आणि पुंजक्यांचा आलेख. चाळीस माणसं, आठशे रेणू असं असलं की पीएलएस-डीए नावाची पद्धत कशाचेही दोन पुंजके करून देते. विश्वास नसेल तर हे करा: ‘रुग्ण’ आणि ‘निरोगी’ ही लेबलं पुसा, त्याऐवजी मोबाइल नंबरचा शेवटचा आकडा सम की विषम ते लिहा, आणि पुन्हा चालवा. आमचे सम आणि विषम असे काही वेगळे पडले की सर दोन मिनिटं बोलले नाहीत. म्हणून लेबलं हजार वेळा उलटसुलट करून खऱ्या लेबलांचा निकाल त्यांच्यात कुठे बसतो ते बघायचं, आणि एक गट पहिल्यापासून कुलपात ठेवायचा, मॉडेल पूर्ण झाल्यावरच उघडायचा.

सध्याची स्थिती अशी, की आमचे पुंजके आता एकमेकांत बरेच शिरलेत. यादी वीसवरून पाच-सहावर आली आहे, त्यातला युरिया किडनीच्या खात्यात टाकलाय. ओपीडीच्या टेबलावर दोन डबे आहेत, एक रिकामा, एक भरलेला. ‘बर्फात ठेवल्याची वेळ’ हा रकाना मामा स्वतः भरतात, आणि मी उशीर केला तर मलाही ओरडतात. ऑक्टोबरची बॅच पुन्हा यायची आहे. यंदा पश्चिमेच्या खिडकीला पडदा लावलाय.